पोलीस कार्बाइन: रुगर पीसी नाइन आणि पीसी फोरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बाइन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या गळ्यात अडकवलेली, डाव्या अंगाला वाकडी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, असलेली काळी बंदूक. या पानावरची कार्बाइन ती नव्हे, पण तिचाही विषय पुढे येईल. मी पोलीस लाइनीत वाढलो, वडील हवालदार होते. त्यामुळे साध्या पोलिसाच्या हातात कोणतं हत्यार द्यावं, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. रुगरच्या पोलीस कार्बाइनने या प्रश्नाचं एक सरळ, विचार करून काढलेलं उत्तर दिलं होतं. ते मागे पडलं, तरी समजून घेण्यासारखं आहे.

ही नेमकी कोणती बंदूक?

अमेरिकेतल्या स्टर्म, रुगर अँड कंपनीने १९९६ ते २००६ या काळात बनवलेली अर्धस्वयंचलित कार्बाइन. दोन प्रकार होते: पीसी नाइन ९ मिमीच्या काडतुसाची आणि पीसी फोर पॉइंट फोर्टीच्या, म्हणजे .४० इंची, काडतुसाची. पीसी म्हणजे पोलीस कार्बाइन. लांबी सुमारे ८८ सेंटिमीटर, नळी सव्वासोळा इंच, रिकाम्या बंदुकीचं वजन सुमारे २.९ किलो. दस्ता काळ्या कृत्रिम साहित्याचा, त्यामुळे पावसापाण्याने फुगत नाही. दिसायला अगदी साधी. रुगरची पॉइंट टू-टूची प्रसिद्ध रायफल कुणी पाहिली असेल, तर ही तिची जाडजूड थोरली बहीण वाटेल.

पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन म्हणजे काय?

काडतूस पिस्तुलाचं, बांधा रायफलचा. रायफलचं काडतूस लांब असतं, त्यात दारू जास्त असते आणि गोळी कितीतरी वेगाने जाते. पिस्तुलाचं काडतूस आखूड, करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं. तेच काडतूस लांब नळीच्या, खांद्याला लावायच्या बंदुकीतून झाडलं की ही जात तयार होते.

गोळी तीच, मग पिस्तूलच काय वाईट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर गोळीत शोधलं तर सापडत नाही, ते माणसाच्या हातात आहे.

पिस्तूल दोन तळव्यांच्या भरवशावर हवेत धरलेलं असतं. मनगट जरा हललं की पंचवीस मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते. फायरिंग बटवर, शांतपणे, उस्तादांच्या देखरेखीखाली हे होतं, तर धावून आल्यावर छाती धडधडत असताना काय होत असेल, याची कल्पना करा. कार्बाइनला चार टेकू मिळतात: दोन्ही हात, खांदा आणि गाल. शिवाय नेम धरायची मागची माशी आणि पुढची माशी यांतलं अंतर पिस्तुलाच्या कितीतरी पट. नेमातली बारीक चूकही डोळ्याला लगेच दिसते.

वेगही थोडा वाढतो. ९ मिमीची हलकी गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटरने जाते, सोळा इंची नळीतून ४०० च्या आसपास. काडतुसाप्रमाणे आकडा बदलतो, पण एवढ्याने पिस्तुलाची गोळी रायफलची होत नाही. खरा फायदा नेमाचा आहे. ज्या पोलिसाला पिस्तुलाने वीस-पंचवीस मीटरपलीकडे खात्री देता येत नाही, तोच माणूस कार्बाइनने पन्नास मीटरवर नीट मारतो, आणि सरावलेला असेल तर शंभरपर्यंतही. त्यापुढे गोळी फार खाली येते, तिथे हिचं काम नाही.

वर्षाला मोजकीच काडतुसं सरावाला मिळणाऱ्या शिपायासाठी हा फरक फार मोठा आहे. चुकलेली प्रत्येक गोळी कुठे ना कुठे जाऊन लागतेच, आणि पोलिसाच्या मागेपुढे तर माणसंच असतात.

मॅगझिन एकच असण्याचं एवढं महत्त्व का?

कारण तीच या बंदुकीची मूळ कल्पना आहे. रुगर त्या काळी पी मालिकेतली पिस्तुलं बनवत होती. पोलीस कार्बाइन त्याच पिस्तुलाची मॅगझिन घेते. कमरेला पिस्तूल, पट्ट्यावर दोन जादा मॅगझिनी, गाडीत कार्बाइन. तिन्ही मॅगझिनी दोन्ही हत्यारांना चालतात.

हे मी एकदा समोर पाहिलं. चुलतभावाकडे ओहायोला गेलो होतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त पोलीस अधिकारी राहत. त्यांच्यासोबत आम्ही त्यांच्या रेंजवर गेलो. मी पाहुण्या व्हिसावर असल्याने हत्याराला हात लावला नाही, मागच्या बाकावरून बघत होतो. त्यांनी पिस्तुलाने टेबलाजवळच्या पाटीवर चार-पाच गोळ्या मारल्या, पिस्तुलातली मॅगझिन काढली, पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि तीच अर्धी संपलेली मॅगझिन कार्बाइनच्या पोटात सारली. खट् असा आवाज झाला, बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा आतला सरकता तुकडा, मागे ओढून सोडला आणि ते थेट लांबच्या पाटीकडे वळले. मान खाली घालून काही शोधणं नाही, पिशवी उघडणं नाही. सत्तरीतला माणूस, हात थोडे कापत होते. पिस्तुलाच्या गोळ्या कागदभर विखुरल्या होत्या, कार्बाइनच्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. इतकी वर्षं ज्या मॅगझिनची सवय बोटांना होती, तीच इथेही असल्याने त्यांना विचार करावा लागला नाही, असं ते म्हणाले.

खात्याच्या बाजूने पाहिलं तर एकच काडतूस खरेदी करायचं, एकाच प्रकारचा साठा कोतात, म्हणजे शस्त्रागारात, ठेवायचा, मोजणी एकच. पिस्तुलासाठी बांधलेल्या बंदिस्त रेंजवरच कार्बाइनचाही सराव होतो. रायफलच्या गोळीला ती भिंत पुरत नाही, त्यासाठी वेगळी जागा लागते. छोट्या गावातल्या दहा-बारा माणसांच्या पोलीस ठाण्याला हा हिशेब लगेच पटतो.

ही कल्पना रुगरला सुचली का?

नाही, ती फार जुनी आहे. १८७३ च्या विंचेस्टर रायफलचं पॉइंट फोर्टी-फोरचं काडतूस पुढे कोल्टने आपल्या रिव्हॉल्वरलाही लावलं, आणि घोडेस्वाराला कमरेच्या एकाच पट्ट्यावर दोन्ही हत्यारं भरता येऊ लागली. १९८५ साली मार्लिन कंपनीने कॅम्प कार्बाइन काढली, तीही पिस्तुलाच्याच मॅगझिनवर चालणारी, पण ती शिकारी आणि हौशी लोकांसाठी होती. रुगरने पोलिसांचं नाव घेऊन, पोलिसांसाठी म्हणून ती घडवली.

आतली यंत्रणा कशी आहे?

ब्लोबॅक पद्धतीची. गोळी सुटताना पुंगळी, म्हणजे काडतुसाची रिकामी नळकांडी, मागे ढकलली जाते, आणि तिला तेवढ्या क्षणापुरतं थोपवून धरतं ते फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा दाब. वेगळं कुलूप नाही. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब मर्यादित असल्याने हे जमतं. सुटे भाग कमी, बिघाड कमी. किंमत चुकवावी लागते ती वजनात, कारण बोल्ट जड ठेवावाच लागतो. एवढ्याशा गोळीच्या मानाने ही बंदूक जड का लागते, असं जे विचारतात त्यांना हेच उत्तर.

घोस्ट रिंग म्हणजे काय?

काही पोलीस कार्बाइनवर मागच्या माशीच्या जागी पातळ कडं असतं. डोळा जवळ नेला की ते कडं धूसर होऊन जवळजवळ नाहीसं होतं आणि पुढची उभी काडी तेवढी ठसठशीत दिसते. खाचेत टोक बसवण्याची कसरत नाही. काडी लक्ष्यावर ठेवायची, डोळा आपसूक तिला कड्याच्या मधोमध घेतो. घाईच्या वेळी फार उपयोगी. दुर्बीण बसवायची सोयही बंदुकीच्या अंगातच आहे.

ही स्वयंचलित आहे का?

नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी. अमेरिकेत ती साध्या नागरिकांनाही विकली जात होती, आणि खरं तर पोलिसांपेक्षा त्यांच्याचकडे ती जास्त टिकली. नळी सव्वासोळा इंच ठेवण्यामागेही कायदा आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार रायफलची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तर वेगळी नोंदणी लागते. १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा होती. पोलिसांना ती लागू नव्हती, म्हणून तेव्हाच्या नागरी बंदुकांसोबत दहाच गोळ्यांच्या मॅगझिनी आल्या.

९ मिमी असताना पॉइंट फोर्टी कशाला?

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ जण आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. ९ मिमीची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. पुढच्या चौकशीतून आधी १० मिमीचं आणि १९९० मध्ये पॉइंट फोर्टीचं काडतूस पुढे आलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या असंख्य पोलीस खात्यांनी ते घेतलं, म्हणून पीसी फोर. नंतर ९ मिमीच्या गोळ्या सुधारल्या आणि एफबीआयसकट बरेच जण ९ मिमीकडे परतले.

एवढी विचारपूर्वक बनवलेली बंदूक, मग पोलिसांत रुजली का नाही?

कारण ती बाजारात येते न येते तोच प्रश्नच बदलला.

२८ फेब्रुवारी १९९७. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर बँकेतून बाहेर पडले. अंगावर घरी शिवलेलं, हातापायांनाही झाकणारं चिलखत, हातात स्वयंचलित केलेल्या रायफली. समोरच्या पोलिसांकडे ९ मिमीची पिस्तुलं, काहींकडे पॉइंट थर्टी-एटची रिव्हॉल्वर, गाड्यांत छर्ऱ्याच्या बंदुका. पोलिसांच्या गोळ्या लागत होत्या आणि दरोडेखोर चालत राहत होते. शेवटी काही पोलीस जवळच्या बंदुकांच्या दुकानात धावले आणि तिथून रायफली मागून आणल्या. हे सगळं ४४ मिनिटं चाललं. दोघा दरोडेखोरांनी हजारावर गोळ्या झाडल्या. डझनभर पोलीस आणि आठ नागरिक जखमी झाले. दोन्ही दरोडेखोर मेले, बाकी कुणाचा जीव गेला नाही.

आता पीसी नाइन त्या चौकात ठेवून पाहा. दरोडेखोर गाड्यांआडून, रस्ता ओलांडून गोळ्या झाडत होते, तिथे नेम नक्कीच सुधारला असता. पण गोळी पिस्तुलाचीच. अंगरख्याखाली घालायच्या कापडी बुलेटप्रूफ जॅकेटांतला सगळ्यात भक्कम प्रकार ९ मिमीची गोळी सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास आली तरी अडवेल, असा तपासून घेतलेला असतो. कार्बाइनची गोळी त्याच्याही खाली राहते. ५.५६ मिमीची रायफलची गोळी ९०० च्या आसपास जाते आणि ते कापड तिला अडवू शकत नाही. लॉस एंजेलिस पोलिसांना त्यानंतर अमेरिकी लष्कराकडच्या सहाशे जादा एम-१६ रायफली मिळाल्या.

दोन वर्षांनी, एप्रिल १९९९ मध्ये, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी तेरा जणांना ठार केलं. पहिले पोचलेले पोलीस खास पथकाची वाट पाहत बाहेर थांबले होते. यापुढे जो पहिला पोचेल त्याने आत जायचं, असं अमेरिकेतल्या पोलिसांना तेव्हापासून शिकवलं जाऊ लागलं. म्हणजे गस्तीच्या साध्या पोलिसाला लांब नळीचं हत्यार हवंच, हे रुगरचं म्हणणं खरं ठरलं. मात्र त्याच्या गाडीत जाऊन बसली ती ५.५६ ची एआर-१५ रायफल. वजन तेवढंच, धक्काही सौम्य, आणि जॅकेटची अडचण नाही. मला या बंदुकीबद्दल हळहळ वाटते ती इथे. पोलिसाला काय हवं ते तिने बरोबर ओळखलं होतं, फक्त समोरचा चिलखत घालून येईल हे तिच्या हिशेबात नव्हतं.

पिस्तुलाची गोळी गर्दीत आणि घरात जास्त सुरक्षित नाही का?

असं वाटणं स्वाभाविक आहे, मलाही बरीच वर्षं वाटे. रायफलची गोळी मोकळ्या मैदानात कितीतरी लांब जाते, हे खरंच. घरातल्या भिंतींचं मात्र वेगळं आहे. ५.५६ ची हलकी, पोलिसांसाठीची गोळी अमेरिकेतल्या पातळ भिंतीला लागली की कोलमडते किंवा तुटते आणि जोर गमावते. ९ मिमीची जाड, सावकाश गोळी सरळ दोन-तीन भिंती पार करते. नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांत हे दिसल्यावर पिस्तुलाच्या कार्बाइनची आणखी एक बाजू लंगडी पडली. आपल्या विटांच्या भिंतींना हे गणित जसंच्या तसं लावू नका. बंद खोलीत ९ मिमीचा आवाज आणि नळीच्या तोंडचा भडका कमी असतो, हा फायदा मात्र खरा.

आपल्या पोलिसांकडची कार्बाइन हीच का?

नाही. ती स्टर्लिंग. इंग्लंडमध्ये जॉर्ज पॅचेट यांनी घडवलेली, ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्वीकारलेली आणि आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली. काडतूस तेच ९ मिमीचं, मॅगझिन ३४ गोळ्यांची, डाव्या बाजूला. पण ती मुळात सैनिकांसाठीची सबमशीनगन आहे, सलग गोळ्या झाडू शकते. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. स्टर्लिंगचा बोल्ट झाडण्याआधी मागे उघडा असतो. चाप ओढला की तो जड लोखंडी तुकडा पुढे धावतो आणि मग गोळी सुटते, त्या धावेने नेम हलतो. रुगरचा बोल्ट आधीच बंद असतो, म्हणून पहिली गोळी ठेवलेल्या नेमावर जाते.

वार्षिक फायरिंगच्या दिवशी वडील, आमचे अण्णा, पहाटे चारला उठत. मी एकदा हट्टाने सोबत गेलो, लांब आंब्याखाली बसवलं होतं मला. गोळीबार संपल्यावर सगळे वाकून गवतात पुंगळ्या शोधत होते. जितके राउंड घेतले तितक्या पुंगळ्या परत द्यायच्या. एक कमी पडली. अण्णा ऊन चढेपर्यंत गुडघ्यावर बसून बोटांनी गवत विंचरत राहिले, आणि सापडली तेव्हा शर्टाला पुसून त्यांनी ती ताडपत्रीवर ठेवली. घरी आल्यावर आईने विचारलं, नेम कसा लागला? ते म्हणाले, कार्बाइनचे मोजकेच राउंड मिळतात गं, हात बसायच्या आत संपतात.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत पोलिसांकडे अशा कार्बाइन असत्या तर?

हा प्रश्न मराठी वाचक हटकून विचारतात. त्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री रायफली आणि काठ्या होत्या, समोर एके-४७. थ्री नॉट थ्रीची गोळी ताकदीची, पण दर गोळीला बोल्ट हाताने ओढावा लागतो, आणि फलाट माणसांनी भरलेला. पटकन नेम धरून एकेक गोळी मारता येणारी हलकी कार्बाइन आणि तिचा पुरेसा सराव, दोन्ही असतं, तर पहिल्या काही मिनिटांत पोलिसांना बरं उत्तर देता आलं असतं असं मला वाटतं. सरावाशिवाय नुसतं हत्यार असून काही झालं नसतं. गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी फक्त काठीनिशी जाऊन कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या हातात काय होतं, हे लिहिताना आजही माझा घसा दाटतो. त्यानंतर २००९ मध्ये महाराष्ट्राने फोर्स वन हे पथक उभं केलं.

पुण्यात बनलेली अस्मि या प्रकारात येते का?

जवळची आहे. अस्मि हे ९ मिमीचं मशीन पिस्तूल. महूची इन्फंट्री स्कूल आणि पुण्यात पाषाणला असलेली डीआरडीओची (संरक्षण संशोधन संघटनेची) एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था, दोघांनी मिळून चार महिन्यांत घडवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. त्यामागे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं काम आहे. पिस्तुलाचंच काडतूस, घडीचा दस्ता, आखूड नळी. उत्पादन खर्च नगाला ५० हजार रुपयांच्या आत राहील असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२४ मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडने अशा ५५० अस्मि मागवल्या. एआरडीईचीच जेव्हीपीसी कार्बाइनही पोलीस दलांकडे गेली आहे, पण तिचं काडतूस ५.५६ बाय ३० मिमीचं, चिलखत भेदण्याचा विचार करून वेगळं बनवलेलं. म्हणजे ज्या अडचणीपाशी रुगर अडली, तिथून पाषाणच्या लोकांनी सुरुवात केली.

रुगर आता ही बनवते का?

पोलीस कार्बाइन २००६ मध्ये बंद झाली. २०१७ च्या अखेरीस रुगरने पीसी कार्बाइन या नावाने नवी बंदूक आणली. ती मधोमध उघडून दोन तुकडे करता येते, आणि मॅगझिनचा खाचा बदलून रुगरच्या किंवा ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलाची मॅगझिन लावता येते. अमेरिकेत बहुसंख्य पोलिसांच्या कमरेला ग्लॉक असतं, त्यामुळे एकाच मॅगझिनची जुनी कल्पना आता खऱ्या अर्थाने सोयीची झाली. नावातला पोलीस हा शब्द मात्र गेला. जुन्या पीसी नाइनच्या मॅगझिनी नव्या बंदुकीच्या खाच्यात बसतील असं गृहीत धरू नका.

भारतात परवान्यावर घेता येईल का?

नाही. ९ मिमी हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षाही वाढली आहे.

अमेरिकेत राहतो, तिथे घेऊ शकतो का?

ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, पण राज्याचे नियम वेगळे असतात, ते आधी बघा. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. मित्राची बंदूक रेंजवर पाच मिनिटं हातात घेणंही यात येऊ शकतं, म्हणून मी ओहायोत बाकावरच बसून राहिलो.